पायरी सहा: आलोच

शेवटी पायरी सहा काढून टाकली.

आता हे वाक्य वाचलंच नाही असं समजा. पायरी सहा जागेवर आहे, वाचनालयाला सुट्टी आहे, मामी नव्या संगणकासमोर बसली आहे आणि मी तिच्या मागे स्टुलावर, तोंडाला कुलूप लावून.

कुलूप मीच लावून घेतलं होतं. मामा गेल्यापासून वाचनालयातली त्याची कारकुनाची खुर्ची मामीकडे आली होती. पुस्तक कोणी नेलं, कोणी आणलं, आणताना शेवटचं पान कोणी फाडलं, या नोंदी एका मुक्त प्रणालीत व्हायच्या. मुक्त म्हणजे फुकट आणि आतून उघडी. कोणीही बघावी, सुधारावी, बिघडवावी. जगभरातले काही लोक आपापल्या नोकऱ्या सांभाळून ती लिहीत असतात. त्यांचं दुखणं एकच. नवखा येतो, माहितीपुस्तिका उघडतो आणि पळून जातो. कारण जुन्या पुस्तिकेची सुरुवातच अशी होती: 'आधी नेहमीची तयारी करून घ्या.'

"नवख्याला नेहमीचं काय असणार, कपाळ?" असं म्हणून मामाने स्वतःच नवख्यांसाठी प्रणाली बसवण्याची पुस्तिका लिहायला घेतली होती. दोन बोटांनी टंकायचा. ती अर्धी झाली आणि तो गेला. पुढच्या पायऱ्या दुसऱ्या कोणी लिहिल्या. चार वर्षांनी पुस्तिका सुधारायचं काम माझ्याकडे आलं. पहिल्या तीन आठवड्यांत मी मथळ्याचा निळा रंग बदलून दुसरा निळा केला आणि एकशे चाळीस स्वल्पविराम यंत्राकडून दुरुस्त करून घेतले. पुस्तिका वाचली नाही. प्रणाली बसवणं मला येत होतं, आणि ज्याला येतं तो पुस्तिका वाचत नाही, यावर आमचं अख्खं क्षेत्र उभं आहे.

एक आकडा मात्र डोक्यातून जात नव्हता. शंभरातले एकाहत्तर नवखे पायरी सहावर सोडून जात होते. म्हणून मामी. नवख्याला बसवायचं, आपण मागे बसायचं आणि काही झालं तरी बोलायचं नाही, अशी ही चाचणी.

मामीने मोबाइलवर पुस्तिका उघडली. "'पायरी एक. खुर्चीत नीट बसा. प्रणाली कुठे पळून जात नाही.'" ती जरा हसली. "हे ह्यांचंच."

ती पुढे वाचू लागली.

"'पायरी दोन. संगणकाची पिन भिंतीत आहे का बघा. हसू नका, बघा.'"

मामीने वाकून बघितलं. पिन भिंतीत नव्हती. मी पाहिलंच नव्हतं. तिच्या जागी मी असतो तर पाऊण तास पडद्यालाच शिव्या दिल्या असत्या.

"'पायरी पाच. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं धावतील. घाबरू नका, ती तुम्हाला उद्देशून नसतात.'" अक्षरं धावली. मामी घाबरली नाही. मग तिने पुढे बघितलं आणि हात मांडीवर ठेवले.

मिनिटभर काहीच झालं नाही.

"काय झालं?" मी नियम मोडला.

"थांबायचंय."

"कशासाठी?"

"मला काय माहीत. सहावर लिहिलंय."

मी मोबाइल घेतला. पायरी सहा. 'थांबा. आलोच.' बस, एवढंच. खाली पायरी सात, कुणा भलत्याच माणसाच्या कोरड्या भाषेत.

मी मासिकांच्या रॅकमागे जाऊन म्होरक्याला फोन लावला. या सगळ्या प्रकल्पाचा तो प्रमुख. त्याला कोणी पाहिलेलं नाही.

"पायरी सहामध्ये 'आलोच' लिहिलंय," मी म्हणालो.

"हो."

"हो काय? कोण येणारे?"

"हा प्रश्न आम्हीही काढला होता. पहिल्याच वर्षी. चारशे संदेशांची चर्चा झाली, निर्णय झाला नाही. मग भाषांतर झालं."

"कशाचं?"

"आलोचचं. बावीस भाषांत. एका भाषेत 'आमचा प्रतिनिधी लवकरच आपल्याकडे पोहोचेल' असं झालंय. तिकडचे लोक घर आवरून बसायचे."

मी भिंतीला टेकलो.

"मग तक्रारी यायला लागल्या," तो शांतपणे म्हणाला, "की पुस्तिका थांबा म्हणते आणि प्रणाली तर थांबत नाही. दोन्ही जुळायला नको का? म्हणून दुरुस्ती केली."

"पुस्तिकेत."

"प्रणालीत. नवख्यांच्या वाटेने बसवली, तर सहाव्या पायरीला ती आता खरंच थांबते. पडदा काळा होतो. अकरा मिनिटं."

बालविभागातला एक स्टूल जवळ होता, त्यावर मी बसलो. तो पाच वर्षांखालील वाचकांसाठी होता. "अकराच का?" एवढंच विचारता आलं.

"अंदाजपंचे काही करत नाही आम्ही. पुस्तिकेतल्या प्रत्येक बदलाची वेळ नोंदलेली असते. तुझा मामा लिहिता लिहिता उठायचा, तेव्हा 'थांबा. आलोच.' लिहून ठेवायचा. परत आला की पुसायचा. असं अडतीस वेळा केलंय त्याने. आम्ही सरासरी काढली. एकोणचाळिसाव्या वेळी पुसलं नाही."

मी परत आलो तेव्हा पडदा काळा होता आणि मामी डोळे मिटून बसली होती.

"झोपलीस का?"

"नाही रे. थांबलेय. थांबा म्हटलंय ना."

मी तिला सगळं सांगितलं. सांगायला नको होतं, पण तोंडाचं कुलूप एकदा उघडलं की माझं काही चालत नाही. अडतीस वेळा, सरासरी, अकरा मिनिटं, बावीस भाषा. ती ऐकत होती. डोळे मिटलेलेच.

"अकरा कशी?" ती म्हणाली. "दहा."

"काय दहा?"

"माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं होतं ना तेव्हा. दिवसातून चार वेळा थेंब. घातले की दहा मिनिटं मिटून बसायचं. मी चोरून उघडते म्हणून हे शेजारी बसायचे, हात धरून. पहारा म्हणे." तिने हिशेब लावला. "एक मिनिट जाण्यायेण्यात जात असेल."

माझ्या तोंडून निघून गेलं, "आणि त्या दिवशी?"

"त्या दिवशी बाटली रिकामी निघाली. कोपऱ्यावरून घेऊन येतो, म्हणाले."

कोपऱ्यावर औषधांचं दुकान होतं. तिथल्या रांगेत मामा कोसळला, हे मला माहीत होतं. रांगेत त्याचा नंबर दुसरा होता, हेही. आलोच म्हणून उठलेला माणूस खरोखर येण्याच्याच बेतात होता, हे मात्र आत्ता कळत होतं.

"मी मिटूनच बसले होते," मामी म्हणाली. "डोळ्यांत थेंब नव्हते तरी. सवय."

पडदा उजळला. मामीने डोळे उघडले, पदराच्या टोकाने टिपले आणि पायरी सात वाचली. मग आठ. बाराव्या पायरीला प्रणाली बसली. मी काहीही मदत केली नव्हती. पिनचीसुद्धा.

"ती सहावी काढ," ती म्हणाली.

"मामी, ते त्याचं शेवटचं वाक्य आहे."

"असू दे. चार वर्षं लोकांना ताटकळत ठेवलंय, ह्यांना आवडलं नसतं. आणि खोटं आहे ते. पुस्तिकेत खोटं लिहायचं नाही, हे कोण म्हणायचं?"

"मामा."

"मग?"

मी काढली. सुरुवातीचं ते वाक्य आता पुन्हा आठवायला हरकत नाही. प्रणालीतली अकरा मिनिटं मात्र तशीच आहेत. त्यांच्यावरची चर्चा सहाशे संदेशांच्या पुढे गेली आहे. तोवर पायरी पाचच्या शेवटी मी एक ओळ घातली: 'यानंतर पडदा अकरा मिनिटं काळा राहील. डोळे मिटून बसलात तरी चालेल.' महिन्याभरात सोडून जाणारे नवखे एकाहत्तरावरून नऊवर आले. म्होरक्याने माझं अभिनंदन केलं. स्वल्पविरामांबद्दलही.

पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर मामाची एक सूचना आहे: 'काही चुकीचं आढळल्यास लेखी कळवा. तोंडी सांगितलेलं इथे कोणी ऐकत नाही.' मामी पुस्तिका अक्षरशः पाळते, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तक्रारींची यादी उघडली, तर सगळ्यात वर एक नवी तक्रार होती. ती अजून उघडीच आहे. बंद करायचा अधिकार माझ्याकडे आहे, म्होरक्याकडे आहे, खरं तर कोणाकडेही आहे. कोणी हात लावत नाही.

'विषय: पायरी सहामधील लेखी आश्वासनाबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून कळवते की, सदर पायरीत लेखकाने "आलोच" असे लेखी दिले होते. पायरी काढण्यात आली असली, तरी आश्वासन मागे घेतल्याची नोंद कुठेही आढळत नाही. अर्जदार थांबलेली आहे. तरी लेखकाने दिल्या शब्दाप्रमाणे सवडीने यावे, ही विनंती. येताना बाटली आणण्याची आवश्यकता नाही.'