चिठ्ठी माझी, पाणी दुसऱ्याचं

मित्रांनो, मी हातपंप. वयाने म्हातारा, दांड्याने जरा वाकलेला, कागदोपत्री ‘अठरा नंबर’. टेकडीच्या पायथ्याशी यंत्राने मला दोनशे फूट खाली नेलं, तेव्हा आधी चिखल आला, मग गढूळ पाणी आणि मग इतकं नितळ, की खोदणाऱ्यांनी तिथेच ओंजळी भरल्या. पुढे कित्येक वर्षं माझ्या दांड्याला उसंत नव्हती. मी कुरकुरायचो, पण ते नुसतं वरवरचं.

वर्षातून दोनदा पाणी तपासणारा तपासनीस यायचा. त्याची पद्धत ठरलेली. आधी शंभर वेळा हापसून पाइपातलं साचलेलं पाणी काढून टाकायचं, मग बाटली दोनदा विसळून तिसऱ्यांदा भरायची आणि तिच्यावर माझ्या नंबरची चिठ्ठी लावायची. घामाघूम होऊन तो दोन घोट प्यायचा आणि मला थोपटून म्हणायचा, “तुझ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवावा बघ!” मीही त्याच्यावर तसाच ठेवला. तिथेच माझं चुकलं.

मग टेकडीच्या उतारावर नवी वसाहत आली. गटार नव्हतं, प्रत्येक घराला सेप्टिक टँक आणि शोषखड्डा. त्यातून झिरपणाऱ्या घाणीचं जमिनीत नायट्रेट होतं. थोडं असेल तर पावसाचं मुरलेलं पाणी ते पातळ करतं. तपासनिसाने आठवडाभर मोजमाप करून लिहून दिलं, की ही जमीन तीसच घरं पेलेल. बांधली नव्वद. तो गप्प बसला.

तीन वर्षांत माझं पाणी बिघडलं. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. लोकांना कळणार तरी कसं? तपासनिसाला मात्र माझ्या बाटलीतल्या नायट्रेटच्या आकड्यावरून कळलं. एरवी मोटरसायकलवर येणारा तो, त्यानंतर आला तो वसाहतीच्या मालकाच्या गाडीतून. माझ्यावरून पुढे गेला, वसाहतीच्याही वर असलेल्या सतरा नंबरच्या पंपावर बाटली भरली, खाली आला आणि माझ्याच चौथऱ्यावर बसून तिच्यावर ‘अठरा’ची चिठ्ठी चिकटवली. त्या दिवशी तो पाणी प्यायला नाही.

कोपऱ्यातल्या घरातली, नुकतीच आई झालेली बाई तेवढ्यात कळशी घेऊन आली. तिची मुलगी तीन महिन्यांची, बाटलीच्या दुधावर.

“काका, पाणी चांगलं आहे ना? बाळासाठी हवंय.”

“अहो ताई, रिपोर्ट आहे ना! तरी उकळून घेत जा, म्हणजे झालं.”

बिचारी वीस-वीस मिनिटं उकळू लागली. उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं. हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

एका सकाळी त्या मुलीचे ओठ आणि नखं निळसर पडली. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, “दुधात पाणी कुठलं घालता?” मग त्यांनी स्वतःचा माणूस पाठवला आणि त्याने माझंच पाणी नेलं. नायट्रेट मर्यादेच्या दुप्पट निघालं; ते तान्ह्या बाळाच्या रक्ताला प्राणवायू वाहू देत नाही, म्हणून ती निळी पडली होती. मुलगी वाचली. पण तिची आई माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, “यानेच माझ्या लेकीला विष पाजलं.”

मित्रांनो, माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. तपासनिसाने माझा विश्वासघात केला होता, पण विष माझ्याच तोंडातून गेलं होतं.

तुम्हाला एकच विनवणी. घरं बांधण्याआधी जमीन किती पेलेल ते विचारा, आणि जे उत्तर मिळेल ते पाळा. पाणी दरवर्षी तपासून घ्या. बाटली भरली जात असेल, तेव्हा शेजारी उभे राहा.

आता माझा दांडा साखळीने बांधला आहे. तरी कधी कुणी तहानलेलं येतं, साखळी ओढून बघतं. जन्मभर पाणी देत आलेला मी तेव्हा मनातल्या मनात म्हणतो, नको रे बाबा, ती साखळी तुटायला नको.