वकिलांच्या नावाचं सदर

वर्तमानपत्र बंद पडलं तेव्हा क्रीडा पानावरची माणसं चहूकडे पांगली. कोणी शाळेत शिकवायला गेलं, कोणी भावाच्या छापखान्यात बसलं, आणि त्याच पानावर लिहिणारी ती पोकरवर लिहू लागली. ठरवून नव्हे. पत्त्यांच्या खेळांना वाहिलेल्या एका संकेतस्थळाला 'पोकर म्हणजे काय' असा सोप्या भाषेतला लेख हवा होता आणि तिला काम हवं होतं. राजा मोठा की एक्का, इथपासून तिची सुरुवात होती. आदल्या दिवशी शिकायचं आणि दुसऱ्या दिवशी शिकवायचं, हे तिला नवं नव्हतं. पोहता येत नसताना तिने नौकानयनावर वर्षानुवर्षं लिहिलं होतं.

काम वाढत गेलं. नवा कॅसिनो उघडला की ती पाहायला जायची. खुर्च्या कशा आहेत, यंत्रांच्या आवाजाने डोकं उठतं का, जिंकलेले पैसे हातात पडायला किती खेटे घालावे लागतात, हे ती सरळ लिहायची. पुढे पोकरच्या स्पर्धांचं वार्तांकनही तिच्याकडे आलं. हिरव्या कापडाच्या टेबलांभोवती दोरी बांधलेली असे. दोरीच्या बाहेर दिवसभर उभं राहून कोणी किती लावले, कोणी पत्ते टाकून डाव सोडला, ते टिपायचं आणि तिथूनच पाठवायचं. पत्ते वाटणाऱ्या डीलर लोकांनी तिचं नाव 'टाचणी' ठेवलं होतं, कारण ती एकदा कोपऱ्यात टोचली की हलत नसे.

ती स्वतः कधी खेळली नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "न्हावी दिवसभर दाढ्या करतो, म्हणून त्याने स्वतःची दहा वेळा करायची का?"

नवरा चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचा. त्याला या कामाचं काही वाटत नव्हतं. सासूबाई मात्र शेजारच्यांना सांगायच्या, की सून आकडेमोडीवर लिहिते. ते तसं खोटंही नव्हतं.

मग एक दिवस संपादकाचा फोन आला. या संपादकाला तिने कधी पाहिलेलं नव्हतं. तो तिच्यासाठी एक घोगरा आवाज होता. आवाज म्हणाला, "वकिलांच्या नावाने आठवड्याला सदर सुरू करतोय. नाव त्यांचं, शब्द तुमचे. जमेल?"

वकील म्हणजे त्या वर्तुळातला नावाजलेला खेळाडू. त्यांनी खरोखरच वकिली केली होती, पण थोडीच. कोर्टात अशील थांबेनात आणि पत्त्यांत पैसा यायचा थांबेना अशी वेळ आल्यावर त्यांनी पैशाची बाजू घेतली. टेबलावर ते अखंड बोलायचे. न्यायाधीशांचे किस्से, सासऱ्यांचे किस्से, शेजाऱ्याच्या कुत्र्याचे किस्से. लोक त्यांचा खेळ पाहायला यायचे त्याहून जास्त त्यांचं बोलणं ऐकायला यायचे.

पहिले काही आठवडे त्यांनी फोनवर मजकूर दिला.

"लिहा, धीर धरावा."

"आणखी काही, वकीलसाहेब?"

"आणखी काय? लोक तेवढंच करत नाहीत."

त्या एका वाक्याचा तिने पानभर लेख केला. पुढे त्यांनी फोन उचलणं सोडलं आणि 'तुम्हीच बघून घ्या' असा निरोप धाडला. तेव्हा तिने त्यांच्या जुन्या सामन्यांच्या चित्रफिती काढून बघायला सुरुवात केली. बघता बघता एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. पोकरमध्ये हातात फुटके पत्ते असताना भारी असल्याचा आव आणून पैसे लावतात. त्याला ब्लफ म्हणतात. वकील ब्लफ करायचे तेव्हा त्यांची जीभ सैल सुटायची. पत्ते खरंच चांगले असले की ते चष्मा पुसत गप्प बसायचे.

त्यांना हे ठाऊकच असणार, असं तिने धरलं. इतकी वर्षं खेळणाऱ्या माणसाला स्वतःची सवय ठाऊक नसेल? तिने लेखात लिहिलं, "तरुणपणी माझी एक खोड होती. हातात काही नसलं की तोंड चालायचं, आणि हातात असलं की तोंड बंद. रिकामं मडकं वाजतं, तसं." लेख शिरस्त्याप्रमाणे त्यांना आधी पाठवला. उत्तर आलं नाही, म्हणून छापला. संपादक फोनवर "झकास" म्हणाला. त्याने आजवर तिच्या लेखाला दिलेली ही पहिली पावती.

त्यानंतर वकील हरू लागले. एका स्पर्धेत लवकर बाद झाले, दुसरीत त्याहून लवकर. दोरीबाहेर उभी राहून ती त्यांच्या हरण्याची बातमी पाठवायची आणि घरी येऊन त्यांच्याच नावाने हार कशी पचवावी यावर लिहायची. तिला त्यात काही विचित्र वाटत नव्हतं. कामं दोन होती, माणूस एक होता.

मग एका दुपारी वकिलांसमोर एक दातांचा डॉक्टर बसला होता. हौशी खेळाडू, बोलायला मऊ. वकिलांनी मोठी रक्कम लावली आणि कुत्र्याचा किस्सा सुरू केला. डॉक्टरने किस्सा शेवटपर्यंत ऐकला, मान डोलावली आणि तेवढ्याच चिप्स, म्हणजे पैशांच्या चकत्या, पुढे सरकवल्या. पत्ते उघडले. वकिलांच्या हातात काही नव्हतं.

"कसं ओळखलंत?" वकिलांनी विचारलं.

"तुमचा लेख वाचला होता. फार मोकळेपणाने लिहिता तुम्ही."

वकिलांनी मान वळवून दोरीकडे पाहिलं. तिने बातमी पाठवली. पाठवण्याआधी डॉक्टरच्या उत्तराची ओळ तिने पुन्हा वाचली, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराची घंटा वाजली. दार सासूबाईंनी उघडलं. आत येऊन हळूच म्हणाल्या, "अगं, वकील आलेत. कोणी दावा ठोकला का आपल्यावर?"

वकील स्वयंपाकघरातच खुर्ची ओढून बसले. त्यांनी आवाज चढवला नाही.

"ते कधी लिहिलंत?"

"बरेच महिने झाले. तुम्हाला आधी पाठवलं होतं."

"मी वाचत नाही."

"तुमच्या नावाने येतं ते?"

"माझंच मी काय वाचायचं?" ते गंभीरपणे म्हणाले. मग थांबून विचारलं, "खरं आहे का पण?"

तिने संगणक त्यांच्यापुढे ठेवला आणि एकेक डाव दाखवला. वकील स्वतःकडे बघत बसले. चहा निवला.

"मी इतका बोलतो?"

"हो."

"आणि एवढं बोलताना हातात काही नसतं?"

"सहसा नसतं."

शेंगा सोलणाऱ्या सासूबाई म्हणाल्या, "भ्यायलेला माणूस बोलतोच. आमचे हे दवाखान्यात गेले की डॉक्टरला हवापाणी समजावून सांगायचे."

वकिलांनी तिकडे लक्ष दिलं नाही. तिला म्हणाले, "आता काही आठवडे सगळं उलटं लिहा. चांगले पत्ते आले की टाका, फुटके आले की लावा. वाचू देत त्यांना. बुडू देत."

"वाचणारे सगळे तुमच्यासमोर बसत नाहीत. कोणी घरी बसून शिकतं आणि स्वतःच्या खिशातले लावतं."

"नाव माझं आहे."

"तुमचं आहे म्हणूनच ते विश्वास ठेवतात. मी नाही लिहिणार. दुसरं कोणी बघा."

हे सदर गेलं तर घरभाड्याची ओढाताण होणार, हे तिला माहीत होतं. नवऱ्याशी तिने विचारविनिमय केलेला नव्हता. वाक्य तोंडून गेलं आणि तिने ते परत घेतलं नाही.

वकील बराच वेळ चष्मा पुसत राहिले. शेवटी म्हणाले, "मग मी काय करू?"

"चांगले पत्ते असताना बोला."

तिथेच तालीम झाली. तिने पत्ते वाटले, समोर सासूबाईंना बसवलं, शेंगांचे दाणे चिप्स म्हणून ठेवले. वकिलांनी न्यायाधीशांचा किस्सा घेतला. तो अर्ध्यावर येतो न येतो तोच सासूबाईंनी पत्ते खाली ठेवले.

"आता चांगले आलेत तुम्हाला. पाठ केल्यासारखं बोलताय."

पुढच्या स्पर्धेत वकिलांची गाठ पुन्हा त्याच डॉक्टरशी पडली. त्यांच्या हातात एक्क्यांची जोडी होती, आणि ते कुत्र्याचा किस्सा सांगत होते. शब्द तेच होते. पण कुत्रा कुंपणावरून उडी मारतो तिथे ते थांबले नाहीत, हसले नाहीत, अर्ज वाचल्यासारखे पुढे गेले. डॉक्टरने पत्ते टाकले, पैसे लावलेच नाहीत.

"मागच्या वेळी हा किस्सा जास्त रंगला होता," तो म्हणाला, आणि ते त्याने कुचेष्टेने म्हटलं नव्हतं.

त्यानंतर वकील गप्पच बसले. गप्प राहून त्यांना खेळता येईना. डावाकडे लक्ष लागेना. दुपारच्या सुट्टीआधीच ते बाद झाले.

ते घरी गेले नाहीत. त्या दिवशी सामन्याचं धावतं वर्णन करणाऱ्याचा घसा बसला होता. आयोजकांनी सहज विचारलं, आणि वकील ध्वनिक्षेपकापुढे जाऊन बसले. पत्ते दुसऱ्यांचे, पैसे दुसऱ्यांचे. कुत्र्याच्या किश्श्यात कुंपणाशी आल्यावर ते थांबले, स्वतःशी हसले, आणि मग कुत्र्याने उडी मारली. दालनातले प्रेक्षक पडद्याकडे बघायचं सोडून त्यांच्याकडे बघू लागले. दोरीपाशी उभ्या टाचणीलाही हसू आलं. तिने ते आवरलं नाही.

महिन्याभरात ते काम त्यांच्याकडे कायमचं आलं. खेळणं त्यांनी सोडलं. विचारलं तर म्हणायचे, "खेळात मला बोलायचे पैसे भरावे लागत होते." संपादकाला त्यांनी कळवलं, की सदराला वेळ नाही, लिहिणारीचंच नाव घाला. संपादक तयार झाला, पण मानधन उतरवलं. नाव नवं आहे, म्हणाला.

तिने ते मान्य केलं, आणि उरलेली तूट भरून काढायला एका नव्या कॅसिनोची माहितीपत्रकं लिहायला घेतली. सासूबाईंना नाव छापून आलेलं दाखवलं. त्यांनी ते चष्मा लावून वाचलं आणि विचारलं, "आता शेजारी काय सांगायचं?"

"पत्त्यांवर लिहिते म्हणून सांगा."

"बघते," सासूबाई म्हणाल्या.

पहिल्या लेखावर एका वाचकाचं पत्र आलं. वकिलांच्या लिखाणाला अनुभवाची जी धार होती ती या बाईंकडे नाही, तरी प्रयत्न स्तुत्य आहे, असं त्याने लिहिलं होतं. खाली एक शंका होती: छोटी जोडी हाती आली आणि पुढच्याने मोठी रक्कम लावली, तर काय करावं?

तिने त्याचे आभार मानले आणि शंकेचं सविस्तर उत्तर लिहायला बसली.