पाणी गळतं कुठून?

मुलांनो, क्षणभर असं धरून चला की तुम्ही एका जुन्या मोटारीपुढे उकिडवे बसला आहात. गाडी नुकतीच येऊन थांबली आहे. पुढच्या जाळीमागे एक उभी टाकी आहे, तिला रेडिएटर म्हणतात. इंजिन तापलं की पाणी त्याची उष्णता उचलून या टाकीत येतं, वाऱ्याने निवतं आणि पुन्हा इंजिनाकडे जातं. टाकीच्या तळाशी पितळेचा एक लहानसा नळ आहे, कधीमधी पाणी बदलण्यासाठी. आता त्याच्याखाली तांब्या धरा आणि नळ फिरवा. कढत पाणी! घासलेट नको, शेगडी नको, आणि कोणाला पत्ताही नाही. झाला असता ना तुम्हाला मोह? (पण खरोखर असं करू नका, चांगलंच भाजतं.)

लालबागच्या एका चाळीत राहणाऱ्या बकुळाला तो मोह झाला होता.

साल एकोणीसशे सत्तावन्न, जानेवारी महिना. बकुळा दहा वर्षांची. तिची आई गिरणीत कामाला होती. दिवसभर उभं राहून संध्याकाळी तिच्या पायांना सूज यायची. बाबा टॅक्सी चालवायचे. टॅक्सी महायुद्धाच्या आधीची, पण बाबांचा तिच्यावर भारी जीव. चाळीपुढे गाडी लावून ते जेवायला वर आले की बकुळा तांब्या लपवून खाली पळायची. रोज सकाळी बाबा टाकी वरपर्यंत भरायचे, म्हणून तांब्याभर पाणी गेलेलं त्यांना कळत नसे. मग आई घमेल्यातल्या ऊन पाण्यात पाय सोडून डोळे मिटून घ्यायची.

"खंयसून आणलंस गो? कुठलं हे पाणी?"

"शाळेतल्या बाईंकडे बंब आहे, त्यांनी दिलं."

"लालसर दिसतंय."

"बंब जुना आहे त्यांचा."

"माझं पोर किती करतं माझ्यासाठी," असं आई म्हणायची. हे ऐकायला बकुळाला इतकं गोड लागे की खोटं बोलणं रोजचंच होऊन बसलं.

त्या दिवसांत संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती आणि निवडणूक तोंडावर आली होती. बाबांनी आपली टॅक्सी चळवळीच्या समितीला प्रचारासाठी दिली. टपावर कर्णा बांधला. रविवारी संध्याकाळी शिवाजी पार्कला सभा होती, तिचा पुकारा लालबाग-परळमध्ये करायचा होता. रेडिएटरला वरच्या डाव्या कोपऱ्यात चीर गेली होती, ती कुशाबाकाकांनी डाक लावून, म्हणजे कथील वितळवून, बुजवली होती. कुशाबाकाकांचं नाक्यावर मोटारदुरुस्तीचं छोटं दुकान होतं. ते नव्यानेच बौद्ध झाले होते. समितीचं काम म्हणून बाकीच्या गाड्या बाजूला सारून त्यांनी आधी ही गाडी हातात घेतली होती.

शुक्रवारी संध्याकाळी बकुळा पाणी काढत असताना जिन्यावर कोणाचीतरी पावलं वाजली. तिने घाईघाईने नळ फिरवला आणि ती पळाली.

शनिवारी भर परळ नाक्यावर, बाबा कर्ण्यातून "आपण सारे एक आहोत!" असं गरजत असताना, टॅक्सीच्या तोंडातून वाफेचा लोट उठला. गाडी बंद पडली. पोरं नाचायला लागली. बाबांचा मित्र दौलत टॅक्सीवाला ओरडला, "अरे सीताराम, तुझ्या गाडीने विडी पेटवली रे!"

लोकांनी ढकलत गाडी चाळीपुढे आणली. पाणी डाव्या बाजूला ठिबकत होतं, नेमकं डाक लावलेल्या कोपऱ्याखाली. बाबांनी कुशाबाकाकांना बोलावून घेतलं आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "असली डाक लावतात? माझं नाक कापलंस. शेवटी जातीवर गेलास!"

बकुळा जिन्याच्या पायरीवर बसली होती. कुशाबाकाकांचा चेहरा कसा झाला ते तिने पाहिलं.

"जात काढू नका, सीतारामभाऊ," ते म्हणाले. "गाडी निवू दे. उद्या सकाळी बघतो. माझी डाक सुटली असेल तर पुन्हा रेडिएटरला हात लावणार नाही."

रविवारी सकाळी ते आले, तेव्हा निम्मी चाळ खाली जमली होती. त्यांनी रेडिएटर भरला, सगळं फडक्याने कोरडं केलं, गाडीखाली वर्तमानपत्र पसरलं. मग इकडेतिकडे पाहत म्हणाले, "कोणाकडे खडू आहे का? आणि बारीक हात?"

बकुळाच्या खिशात खडू होता. ती पुढे झाली.

"ये. ह्या डाकेवर घास. आता नळीच्या जोडावर. तिकडे मागे, माझा हात पुरत नाही तिथे. पांढरं दिसलं पाहिजे. पाणी जिथून सुटेल तिथे खडू काळा पडेल, समजलं?"

त्यांनी बकुळाला मागे सारलं आणि इंजिन चालू केलं. थोड्या वेळाने वर्तमानपत्रावर पहिला थेंब पडला. डाव्याच बाजूला.

"बघ! डाकेखालीच!" बाबा म्हणाले.

"थांबा," म्हणत कुशाबाकाकांनी इंजिन बंद केलं आणि ते बकुळाकडे वळले. "पाणी पडतं एकीकडे, पोरी, आणि गळतं भलतीकडे. ते पत्र्याला धरून चालत येतं. म्हणून पडलेल्या थेंबापासून उलट जायचं. डाक बघ."

"पांढरी आहे."

"नळ्या?"

"पांढऱ्या."

"मग हा थेंब कुठून चालत आला? ही खालची आडवी पट्टी बघ. ओली आहे. चल तिच्या मागे मागे."

पट्टीवरची ओल उजवीकडे सरकत सरकत मधोमध येऊन थांबली. तिथे पितळेचा नळ होता. नळाचा दांडा पुरता आडवा नव्हता, किंचित तिरका राहिला होता. कुशाबाकाका वाकले. भोवतालचं सगळं गंजून काळं झालेलं, आणि तो दांडा मात्र रोज बोटं लागून लखलखीत. त्यांनी दांड्याकडे पाहिलं, मग बकुळाकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

"नळाला कोणी हात लावला?" बाबांनी विचारलं. "मी तर वर्षभर शिवलो नाही."

कुशाबाकाका उठले. "जुना नळ आहे. हादऱ्याने सैल होतो कधीकधी."

"म्हणजे डाक शाबूत?"

"तुम्हीच बघा."

बाबांनी पाहिलं. मग मोठ्याने हसले. "चला, मिटलं तर! दौलत, कर्णा बांध रे, उशीर होतोय."

कालच्या बोलण्याबद्दल कोणी एक अक्षर काढलं नाही. जणू काल आलाच नव्हता. कुशाबाकाकांनी आपले पाने-पक्कड पिशवीत भरले आणि खडू बकुळाच्या तळहातावर ठेवला.

"दांडा आडवा झाला की नळ बंद," ते हळूच म्हणाले. "उभा असला की उघडा. घाईत चुकतं माणूस."

आणि ते निघाले.

त्यांनी दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बकुळा रडून मोकळी झाली असती. तिची चूक त्यांनी स्वतःच झाकली होती. पण ती झाकली गेली, आणि बाबांचं ते बोलणं मात्र उघड्यावर तसंच पडून राहिलं. आता कोणाला काही कळणार नव्हतं. संध्याकाळी आई पुन्हा "माझं पोर किती करतं" म्हणणार होती. बकुळाला वाटलं, आपण जिन्याखाली जाऊन बसावं आणि कोणाच्या नजरेला पडूच नये.

बाबांनी गाडी सुरू केली. कुशाबाकाका नाक्याच्या वळणाशी पोचले होते.

बकुळा धावत सुटली. तिने त्यांचा हात धरला आणि त्यांना ओढत गाडीपुढे आणलं. ती चाकांसमोर उभी राहिली. दौलतकाका कर्ण्याची दोरी आवळत होते, आई जिन्यात उभी होती.

"बाबा, गाडी बंद करा," ती म्हणाली. तिचा आवाज फुटत होता, तरी नाक्यावरच्या पानवाल्यापर्यंत गेला. "नळ मी उघडत होते. रोज. आई, ते पाणी बाईंच्या बंबातलं नव्हतं, मी खोटं बोलले. परवा नळ मीच नीट लावला नाही. कुशाबाकाकांचं काही चुकलं नव्हतं, आणि काल तुम्ही त्यांना सगळ्यांदेखत बोललात."

बाबांनी इंजिन बंद केलं. कुशाबाकाकांचा हात न सोडता बकुळाने बाबांकडे पाहिलं आणि ती म्हणाली,

"माझं सांगून झालं. आता तुम्ही."