माने बाईंचं वाक्य

मृणालिनीने वाटीच्या काठावर चमचा दोनदा वाजवला. पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात बघा, असं तिला सांगायचं होतं. सदानंदने टीव्हीवरची नजर न काढता तिच्या वाटीत आमटी वाढली.

"आता बघ हं," तो म्हणाला, "आता यशवर्धन गॉगल काढणार."

इन्स्पेक्टर यशवर्धनने गॉगल काढला. आधी त्याचे बूट दिसले होते, मग हात, मग खांदा. खून झालेल्या नानासाहेबांच्या घरात तो देवघरापाशी उभा होता आणि त्याच्या मागे त्याची चार माणसं हात मागे बांधून उभी होती. त्यांतल्या माने बाई नावाच्या हवालदारीण ऐंशी भागांत "हो सर" यापलीकडे काही बोललेल्या नव्हत्या.

"सर, तुम्हाला कसं कळलं?" चौघांपैकी एकाने विचारलं.

"अरे, अजून त्याने काही सांगितलंच नाही!" सोफ्यावरून पॉलिन ओरडली. ती शेजारच्या फ्लॅटमधली, वसईची. दर गुरुवारी साडेआठला, म्हणजे भारतात दहा वाजले की, ती आपला डबा घेऊन यायची. चातुर्मासात मृणालिनीच्या टेबलावर मासळी नको म्हणून सोफ्यावर बसून खायची. "सगळं ह्यानेच करायचं. पळायचं ह्याने, गोळी ह्याने झाडायची, रडायचंपण ह्यानेच. बाकीच्यांना पगार कशाचा देतात?"

"शी लिटरली हॅज नो लाइन्स," ईशानी म्हणाली. त्यांची ही लेक तेरा वर्षांची होती आणि माने बाईंच्या बाजूची होती.

मृणालिनीने पुन्हा चमचा उचलला, आणि ठेवून दिला. आषाढी एकादशीपासून तिने जेवताना मौन धरलं होतं. पहिल्या घासापासून चूळ भरेपर्यंत एक अक्षर नाही. यंदा अधिक मास आल्यामुळे चातुर्मासही पाच महिन्यांचा झाला होता. नेम तसे तिचे बरेच होते. सकाळी गॅलरीतल्या तुळशीला पाणी, संध्याकाळी दिवा, झोपण्याआधी अकरा वेळा नाम. पण हा नेम तिने पहिल्यांदाच घेतला होता. तो घेतल्याचं सदानंदच्या लक्षात आलं नवव्या दिवशी, तेही ईशानीने सांगितल्यावर.

"म्हणजे आठ दिवस तू गप्प होतीस?" त्याने मनापासून आश्चर्याने विचारलं होतं.

त्यात त्याचाही दोष नव्हता. दुबईहून शारजाच्या हद्दीपर्यंत दीड तास गाडीत अडकून तो घरी यायचा आणि तेवढ्या वेळाचं बोलणं त्याच्यापाशी साठलेलं असायचं. आज तो म्हणत होता, "सगळं ऑफिस डोक्याला हात लावून बसलेलं. कंटेनर गेला कुठे? मी म्हटलं, यल्ला, चला, कागद आणा इकडे. एक आकडा उलटा पडला होता. सापडला! खलास!"

पॉलिनने टाळी वाजवली. मृणालिनीने त्याच्या पोळीवर तूप सोडलं.

न बोलता जेवायला लागल्यापासून तिला एक गंमत कळली होती. तोंड बंद ठेवलं की माणूस कडेकडेचं पाहू लागतं. यशवर्धन मधोमध असायचा, म्हणून ती कडेला पाहायची. आज देवघरात शिरण्याआधी फक्त माने बाईंनी पायांतले बूट काढले होते. आणि देवावर लालभडक जास्वंद होती. जास्वंद एका दिवसाचं फूल. नानासाहेबांचं वरच्या मजल्यावरचं घर तर रविवारपासून बंद होतं, मालिकेत आज बुधवार होता, आणि वर कुणी फिरकलंच नाही असं सगळेच सांगत होते. खालच्या खोलीत एकट्या काकू राहत. पाय अधू, जिना चढवत नाही, म्हणून त्यांना कुणी काही विचारलंदेखील नव्हतं.

भाग संपला. पुढच्या गुरुवारी शेवटचा.

"आता पैज," सदानंद म्हणाला. "शेवटच्या ब्रेकच्या आधी प्रत्येकाने खुनी सांगायचा. जिंकेल त्याच्याकडे गुढीपाडव्यापर्यंत रिमोट."

"रिमोट तर सतरा वर्षं तुमच्याकडेच आहे," पॉलिन म्हणाली.

"कारण मी जिंकतो! आणि हे बघा, तोंडाने सांगायचं. चिठ्ठ्या नाहीत, खाणाखुणा नाहीत, चमचे वाजवणं नाही."

"बाबा, दॅट्स सो अनफेअर! आई बोलू शकत नाही."

"नेम तिचा आहे, नियम माझा," सदानंद हसत म्हणाला. "घंटा आणलीस ना गं उद्यापनाची? ती वाजव."

रोल्ला बाजारातल्या दुकानातून आणलेली पितळी घंटा कागदात गुंडाळून कपाटात होती. मौनाचा नेम सोडताना देवळात घंटा द्यायची असते. मृणालिनीने भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिलं. पुढच्या गुरुवारच्या चौकटीवर तिची नजर जरा रेंगाळली. मग तिने शांतपणे ताकभात कालवला.

ह्या आठवड्यात तिने फुलांबद्दल कुणाला काही सांगितलं नाही. जेवणाशिवायच्या वेळी सांगता आलं असतं. पण मागच्या वेळी, बँकेतल्या खुनात, तिने दुपारी फोनवर सांगितलेलं नाव सदानंदने रात्री पॉलिनला आपलं म्हणून सांगितलं होतं. लबाडीने नव्हे. ते आपलंच आहे असं त्याला खरोखर वाटलं होतं. ह्या वेळी मात्र तिला ते स्वतःच्या तोंडाने सांगायचं होतं. रिमोटचं तिला फारसं काही नव्हतं. एवढं एकच हवं होतं.

गुरुवारी एसी बंद होता, गॅलरीचं दार उघडं होतं, बाहेर नोव्हेंबरची सुखद हवा होती. सदानंद धावतपळत आला, बूट काढता काढता म्हणाला, "सुरू झालं?" टेबलावर वरणभात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर होती. मृणालिनीने सगळ्यांना वाढलं आणि आपल्या खुर्चीवर बसली. पॉलिनने तिच्यासमोर पाहिलं, काहीतरी विचारायला तोंड उघडलं, आणि मिटलं. ईस्टरआधीचे चाळीस दिवसांचे उपास तिने दर वर्षी केलेले होते.

यशवर्धन पावसात भिजला. यशवर्धन आईच्या फोटोपुढे बसला. यशवर्धनने भिंतीवर मूठ मारली.

"कमॉन!" ईशानीने उशी फेकली. "समबडी एल्स डू समथिंग!"

"चला, नावं सांगा," सदानंद म्हणाला. "ब्रेक येतोय. मी ड्रायव्हर. शंभर टक्के."

"पुतण्या," पॉलिन म्हणाली.

"लॉयर. ही इज सो शेडी."

"झालं तर मग. मृणालिनी गप्प, म्हणजे ती बाद..."

"काकू," मृणालिनी म्हणाली.

सदानंदचा घास हातातच राहिला. ईशानी खुर्चीवरून अर्धी उठली.

"अगं, मौन!" तो एकदम कळवळून म्हणाला. चेष्टा त्याच्या आवाजातून पार गेली होती. "पाच महिने सांभाळलंस आणि माझ्या ह्या फालतू पैजेपायी... अगं, उद्या उद्यापन ना?"

"जेवताना मौन आहे," ती हळूच म्हणाली. "मी जेवत कुठे आहे?"

तेव्हा कुठे त्याने तिच्यासमोर पाहिलं. ताट नव्हतंच. पाण्याने भरलेला एक पेला, तोही झाकलेला.

"आज कार्तिकी एकादशी. पाणीसुद्धा उद्याच."

पॉलिन आधी हसली. पोटावर डबा धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "तुला माहीत होतं! मागच्या गुरुवारपासून माहीत होतं!"

"दिनदर्शिकेत लिहिलेलं आहे. लपवलेलं नव्हतं काही."

"पण काकू कशा? त्या तर जिना चढत नाहीत," सदानंदने विचारलं.

"मग बंद घरात देवावर ताजी जास्वंद कोण वाहतं? खाली राहणारं दुसरं आहे कोण?"

ब्रेक संपला. पडद्यावर सगळे देवघरासमोर जमले होते, आणि कडेला उभ्या असलेल्या माने बाई एक पाऊल पुढे आल्या. ईशानीने आईचा हात घट्ट धरला.

"सर," माने बाई म्हणाल्या, "देवावरची फुलं..."

"फुलं!" यशवर्धन गर्रकन वळला. गॉगल काढला. "फुलं ताजी होती! मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं!"

चौघंही एकदम ओरडली. पॉलिनने चमचा टीव्हीकडे रोखला. "अरे, वाक्य तरी पुरं करू दे रे तिला!" ईशानी नाचत होती. काकूंना बेड्या पडल्या तिकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. सदानंद उठला, रिमोट दोन्ही हातांवर धरून आणला, आणि प्रसाद द्यावा तसा मृणालिनीच्या ओंजळीत ठेवला.

तिने तो चष्म्याशी धरून नीट पाहिला. मग मालिका मागे नेली आणि माने बाई पुढे पाऊल टाकतात तिथे थांबवली. यशवर्धनचा नुसता खांदा दिसत होता. सगळे तसंच पाहत बसले.

दुसऱ्या दिवशी पारणं झालं. सकाळी पूजा झाली, घंटेला हळदकुंकू लावलं. रविवारी ती देवळात पोचवायची होती. संध्याकाळी पाच महिन्यांनी ती पहिल्यांदा बोलत जेवणार होती, आणि टेबलावर सगळे तिच्याकडे पाहत थांबले होते. सदानंदही. टीव्ही बंद होता.

"भाजीत मीठ आहे ना बरोबर?" तिने विचारलं.

"खरं सांगू? आषाढापासून कमी आहे," सदानंद म्हणाला. "तू बोलत नव्हतीस, म्हटलं आपण कशाला बोला."

ईशानी खुसुखुसू हसली. मृणालिनीही हसली, आणि मिठाचं भांडं त्याच्याकडे सरकवत म्हणाली, "आज काय झालं ऑफिसात?"

सदानंदने तोंड उघडलं. नेहमीचं "मी म्हटलं" त्याच्या ओठांवर आलेलं तिला दिसलं. मग त्याने भाताचा घास उगाच दोनदा कालवला.

"तो कंटेनर," तो म्हणाला. "मागच्या आठवड्यातला. तो आकडा मला नव्हता दिसला. आमच्याकडे फिझा म्हणून एक मुलगी आहे, कोपऱ्यातल्या टेबलाशी बसते. तिने दाखवला."

"कसा काय दिसला तिला?"

"ते विचारलंच नाही गं मी."

मृणालिनीने त्याच्या भातावर तूप वाढलं, नेहमीपेक्षा अर्धा चमचा जास्त.

"मग बोलवा ना तिला एकदा जेवायला," ती म्हणाली. "तीच सांगेल."