गाव विचारायचं नाही

रूपराव एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निम्मी नोकरी आर्वी आगारात गेली, आणि खिडकीशी आलेल्या प्रत्येकाला कोणतं गाव म्हणून विचारायची सवय निवृत्त होताना खात्याकडे जमा करायची राहून गेली. माणूस समोर आला की ते आधी गाव विचारत, मग आडनाव, आणि त्या गावात कोणाची पोर कोणाकडे दिली आहे हे स्वतःच सांगायला लागत. चहा येईपर्यंत समोरचा त्यांचा साडू नाहीतर व्याही निघालेला असे.

सिंदी मेघेच्या राहत्या घरी हे खपून जायचं. तिथं फार तर एक कप चहा वाढे. पण बोर धरणाच्या वाटेवर, हिंगणीच्या पुढं, त्यांचं दुसरं एक घर होतं आणि ते सुट्टीत येणाऱ्यांना भाड्यानं द्यायचं होतं. तिथं ही सवय महागात पडली.

घर खरं त्यांच्या बायकोचं, आनंदाबाईंचं. समुद्रपूरकडच्या माहेरच्या शेतीतला आपला वाटा विकून त्यांनी इथं जागा घेतली होती. दोन खोल्या, लांब पडवी, मागं आंबा आणि सीताफळीची झाडं. जंगल पाहायला नागपूरकडची माणसं येतात, त्यांना उतरायला घर लागतं, असा हिशेब होता. पहिल्या वर्षी पाहुणे आलेही. काटोलचे एकजण रूपरावांच्या चुलतभावाचे सोयरे निघाले. पुलगावच्या बँकवाल्याची आत्या रूपरावांच्या मामाच्या गावात दिलेली होती. मग सोयऱ्याकडून भाडं कोण घेणार? रूपरावांनी कोणाला खिशात हात घालू दिला नाही. उलट काटोलच्या बाईंना आनंदाबाईंनीच लुगडं नेसवून पाठवलं, कारण सोयरीण म्हटल्यावर तसं करावंच लागतं. यातलं कोणीही पुन्हा फिरकलं नाही. फुकट खाऊन विसरली माणसं, असं आनंदाबाईंनी मनात धरून ठेवलं होतं.

शेवटी पुण्याला असलेल्या गोपालनं, त्यांच्या मुलानं, एक कंपनी शोधली. लोकांची अशी घरं ती सांभाळायची आणि भाड्यानं लावून द्यायची. तिचा नागपूरचा माणूस धीरज. पोरगा सरळ होता. चादरी धुतलेल्या असत, आठवड्याच्या मधल्या वारीही पाहुणे येत, आणि कंपनीचा वाटा कापून उरलेलं भाडं न मागता बँकेत पडे. तक्रारीला जागा नव्हती. फक्त पाहुणे असताना मालकांनी आवारात यायचं नाही, असा नियम होता. एकदा आनंदाबाई सीताफळं उतरवायला गेल्या, तर फाटकावरच्या माणसानं त्यांना नम्रपणे परत पाठवलं. पिशवी रिकामी घेऊन दोघं हिंगणीच्या थांब्यावर बसले होते. त्या वर्षी रूपराव एकंदरच कमी बोलायला लागले.

वर्षाचा करार डिसेंबरात संपला. आता कंपनीला पाच वर्षांचा हवा होता. सोमवारी धीरज सही घ्यायला येणार होता. आनंदाबाईंना सही करायची नव्हती. पाच वर्षं आपल्याच घरात विचारून जायचं, म्हणजे ते घर कोणाचं? पण नाही म्हणायचं तर घर चालवायचं कसं, हा प्रश्न होताच. गोपालनं फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, बाबांच्या तोंडाला कुलूप लावता येत असेल तर बघ.

अशात मेघा नावाच्या एका बाईचा फोन आला. ती मागच्या हिवाळ्यात कंपनीमार्फत त्याच घरात राहून गेली होती. तेव्हा पाण्याची मोटार बंद पडली. दिलेल्या नंबरवर फोन केला तर कोणीतरी गोड आवाजात तक्रार नोंदवून घेतली, आणि पाणी दुसऱ्या दुपारी आलं. गावातल्या किराणावाल्या तानबाचं म्हणणं, मालकीणबाईंना सांगितलं असतं तर घंटाभरात माणूस आला असता. त्यानंच हा नंबर दिला होता. या शनिवारी सासूबाईंना घेऊन यायचं आहे, सरळ तुमच्याकडूनच घर मिळेल का, असं ती विचारत होती.

आनंदाबाई हो म्हणाल्या. भाडं सांगितलं. आधी पाठवा म्हणायचं गोपालनं बजावलं होतं, पण ती पोरगी काकू, काकू करत बोलत होती, तेव्हा ते तोंडातून निघेना. जाताना द्या, म्हणाल्या.

मग त्यांनी रूपरावांना समोर बसवलं. हे दोन दिवस नीट पार पडले तर धीरजला नाही म्हणायचं, नाहीतर सही. त्यांनी इतकंच मागितलं.

"गाव विचारू नोका. आडनावही नाई."

"मंग बोलू काय? मी का मुकं जनावर होय?"

"पाणी गरम झालं काय, ते विचारा."

शनिवारी सकाळी गाडी आली. मेघा, तिचा नवरा प्रफुल्ल आणि त्याची आई. प्रफुल्ल नागपूरला कृषी खात्यात अधिकारी होता. आई काठी टेकत उतरली आणि थेट पडवीतल्या उन्हात जाऊन बसली. रूपराव पुढं झाले. आनंदाबाईंनी मागून डोळे वटारले. रूपरावांनी हात जोडले आणि पाणी गरम झालं आहे असं सांगितलं.

ते शब्दाला जागले. झाडांना आळी केली, सीताफळीखालचा कचरा वेचला, आणि कोणी जवळून गेलं की पाण्याचं विचारलं. प्रफुल्ल जंगलाकडे निघाला तेव्हा विचारलं, परत आला तेव्हा विचारलं. जेवताना तो आपणहून म्हणाला की त्याची बदली आर्वीला होता होता राहिली. आर्वी हे नाव ऐकून रूपरावांचा घास हातात थांबला. त्यांनी आनंदाबाईंकडे पाहिलं, घास गिळला आणि उठून बंब पाहायला गेले.

संध्याकाळी मेघा चुलीशी येऊन बसली. आनंदाबाई तुरीच्या शेंगा उकडत होत्या. मेघानं हळूच विचारलं, काका आमच्यावर रागावलेत का? की बंब बिघडला आहे आणि सांगवत नाही? आनंदाबाईंना नवऱ्याची दया आली आणि पोरीसमोर लाज वाटली. तसं काही नाही म्हणत, वातावरण हलकं करायला, त्यांनी शेंगांचं ताट पडवीत म्हातारीपुढं नेऊन ठेवलं आणि जे कोणीही विचारेल ते विचारलं.

"तुम्ही मूळच्या कोन्या गावच्या?"

वाक्य बाहेर पडलं आणि आळ्याशी वाकलेले रूपराव सरळ उभे राहिले.

म्हातारीनं शेंग सोलता सोलता मान वर केली. "उमरीची. समुद्रपूरची उमरी." मग बराच वेळ ती आनंदाबाईंच्या कपाळाकडे पाहत राहिली, जिथं लहानपणी विळा लागल्याची खूण होती. "तू नानाची आनंदी त नाई? मले वयखलं नाई काय? मी धुरपता."

आनंदाबाईंनी ओळखलं. उमरीच्या बौद्ध वस्तीतली धुरपताबाई. त्यांच्या वडिलांच्या वावरात कापूस वेचायला यायची, आनंदीपेक्षा मोठी, हातानं चपळ. वेचताना कमरेला बांधलेली आनंदीची ओटी कापसानं भरेना तेव्हा आपल्यातली चार बोंडं तिच्यात टाकायची. दुपारच्या भाकरीला मात्र धुरपताबाई बांधाच्या पलीकडे बसायची, आणि पाणी तिला वरून ओतलं जायचं. हे दोघींनाही आठवत होतं. त्या रात्री जेवायला आनंदाबाई तिच्या शेजारी, एकाच सतरंजीवर बसल्या. उमरीतलं कोण गेलं, कोण आहे, कोणाचं घर पडलं, याची उजळणी झाली. रूपराव बाजूला बसून कान देऊन ऐकत होते, आणि विचारायचं काही उरलंच नव्हतं.

रविवारी निघताना अडचण उभी राहिली. प्रफुल्लनं मोबाइल काढला आणि किती पाठवायचे म्हणून विचारलं. आनंदाबाईंचे ओठ हलले. गावची बहीण म्हणजे बहीणच. तिचा पोरगा म्हणजे भाचा, आणि भाच्याच्या पाया पडतात अशा त्यांच्या मुलखात त्याच्याकडून घराचं भाडं मागायचं कसं?

"राहू द्या," त्या म्हणाल्या.

म्हणताना त्यांना सोमवार दिसला, धीरज दिसला, फाटकावरचा तो नम्र माणूस दिसला. वर्षभर नवऱ्याला ज्यावरून बोल लावले तेच त्या स्वतः करत होत्या. प्रफुल्लचा चेहरा उतरला. तो म्हणाला, मावशी, असं केलं तर पुढच्या वर्षी आम्हाला यायचं तोंड राहणार नाही. आईला जागा आवडली आहे.

धुरपताबाई गाडीला टेकून उभी होती. तिनं काठी जमिनीवर आपटली.

"आनंदी, तुह्या बापाच्या वावरात मी रोजानं येत होती. आज माह्या पोरानं तुहं घर भाड्यानं घेतलं. मले त्यात बरं वाटून राह्यलं. ते तू फुकटाचं करू नोको."

आनंदाबाईंना ते पटलं. तरी त्यांचा हात पदरातून बाहेर येईना. तेव्हा दोन दिवस मुके राहिलेले रूपराव पुढं झाले आणि त्यांनी स्वतःचा मोबाइल प्रफुल्लपुढं धरला.

"हे तुह्या माहेरचे होत. माहे नाई. तू आत जाऊन शेंगा बांध, पैशाचं मी पाहतो."

आनंदाबाई आत गेल्या. पिशवीत शेंगा भरताना बाहेरून रूपरावांनी रक्कम सांगितल्याचं ऐकू आलं, पूर्ण, एक पैसा कमी नाही, अगदी तिकीट फाडल्यासारखी. मग मेसेज आल्याचा आवाज. त्यांनी शेंगांवर लोणच्याची बरणी ठेवली, मग दुसरीही ठेवली. सोयरिकीचं जे करायचं ते करायला आता मोकळीक होती.

गाडी गेल्यावर दोघं पडवीत बसले. आनंदाबाईंनी तिथूनच धीरजला फोन केला, येऊ नका म्हणून सांगितलं आणि वर्षभराच्या कामाबद्दल मनापासून आभार मानले. मग पाहुण्यांचं कोण बघणार, त्यानं विचारलं. आम्ही दोघं, त्या म्हणाल्या. हिशेब सरळ झाला होता. रूपरावांचे सोयरे निघाले तर भाडं आनंदाबाईंनी मागायचं, आणि त्यांच्या माहेरचे निघाले तर रूपरावांनी. गाव विचारायला आता बंदी नव्हती.

प्रफुल्लचं एक वाक्य मात्र आनंदाबाईंच्या डोक्यातून जाईना. यायचं तोंड राहणार नाही. त्यांनी रूपरावांकडून काटोलच्या सोयऱ्यांचा नंबर घेतला आणि लावला. तिकडून आनंदानं वहिनी अशी हाक आली. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. मग पुन्हा का आला नाहीत, असं विचारलं, तर माणूस घुटमळला. पोरं दर सुट्टीत त्या घराचं नाव काढतात, पण तुम्ही काही घेतच नाही, वरून लुगडं देता, किती वेळा यावं माणसानं?

"आता भाडं लागीन. आधीच सांगते," आनंदाबाई म्हणाल्या.

पलीकडे तो मोकळं हसला. "मंग येतो ना, वहिनी. पुढच्याच शनिवारी येतो."

रूपराव शेजारून खुणा करत होते. त्यांना फोन हवा असेल असं वाटून आनंदाबाईंनी तो पुढं केला, तर त्यांनी मान हलवली.

"पाणी गरम राहीन म्हना त्याले," ते म्हणाले.