बंदूक खाली आहे ना?

दोन हजार बारा सालच्या उन्हाळ्यात रायपूरच्या सदर बाजारातून मी एका घरात गेले, आणि त्या घराचं जे व्हायचं ते झालं. मित्रांनो, मी एक जुनी बंदूक आहे. दचकू नका. माझ्या पोटात आता काही नाही. पोलीस ठाण्याच्या मालखान्यात, जप्त केलेल्या सायकली आणि दारूचे डबे यांच्या मधोमध, गळ्यात पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधून मी भिंतीला टेकून उभी आहे.

माझा जन्म आगीत झाला. लालभडक लोखंडाचा दांडा ठोकून, पोखरून माझी नळी झाली. मागे लाकडाचा दस्ता बसला. बाळ जन्मलं की ते रडतं का हे बघतात. बंदूक जन्मली की ती फुटते का हे बघतात. जादा दारूचं काडतूस भरून, लांबून दोरीनं घोडा ओढतात. माझ्या शेजारची फुटली, तिचे तुकडे भिंतीत रुतले. मी टिकले, म्हणून मला पास केलं. जगात मी काढलेला पहिला आवाज तो.

सदर बाजारात चिरागभाईंच्या दुकानात आम्ही दोघी बहिणी काचेआड उभ्या असायचो. ती लांब नळीची, मी आखूड. एरवी दोघी सारख्याच. नळीखालची लाकडी मूठ मागे ओढून पुढे ढकलली की काडतूस आत जातं आणि आवाज होतो, खट्‌-खट्याक. ज्यानं तो आवाज ऐकला तो विसरत नाही.

तात्यापारा मोहल्ल्यातले गंगाधरराव पत्नी गोदावरीबाई आणि मुलगा शिशिर यांना घेऊन आले, तेव्हा ते घाबरलेले होते. त्याच आठवड्यात त्यांच्या गल्लीत रत्नाकर मास्तरांच्या घरी भरदुपारी माणसं शिरली होती. गॅस तपासायला आलोत म्हणाली आणि सळईनं मास्तरांचा जबडा फोडला. एक डोळा कायमचा गेला. भिंतीवरचं रक्त गंगाधररावांनी स्वतः पाहिलं होतं. वडिलांची दुनळी बंदूक देऊन नवी घ्यायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

"वो लंबी वाली शिकार की है काकाजी, ये छोटी घर की," चिरागभाई म्हणाले. "लंबी नली दरवाजे में अटकती है. छोटी कहीं भी घूम जाती है."

गंगाधररावांची नजर लांबीवरून हलेना. "माझा बाप वाघ मारत होता," ते म्हणाले.

"ससे," गोदावरीबाई हळूच म्हणाल्या. "आन् तोही एकच. त्याचाही पाय लंगडा होता म्हणत."

शिशिर फिसकन हसला. चिरागभाई म्हणाले, "शिकार तो कब की बंद हो गई काकाजी. जेल में शिकार करोगे क्या?"

अशी माझी निवड झाली. बहीण काचेआड राहिली. तिचं पुढं काय झालं, मला ठाऊक नाही.

त्या दिवशी दुकानात शहाण्यासारखा प्रश्न एकच विचारला गेला. तो गोदावरीबाईंनी विचारला. "दुनळी मधात मोडली की आत दिसते. हिच्यात गोळी आहे का नाही, मले कसं समजन?"

चिरागभाईंनी मला काउंटरवर आडवं केलं. माझ्या नळीच्या खाली आणखी एक नळी असते. काडतुसं त्या खालच्या नळीत एकामागे एक निजतात, वरून पाहणाऱ्याला पत्ता लागत नाही. "मूठ खींचते रहो, जब तक कुछ भी गिरना बंद न हो," ते म्हणाले. "फिर उंगली डालो. आँख का भरोसा नहीं, काकीजी. उंगली का भरोसा."

गोदावरीबाईंनी उजव्या हाताचं बोट माझ्या पोटात घातलं, आत फिरवून पाहिलं आणि मान हलवली. गंगाधररावांचं तिकडे लक्षच नव्हतं. ते आवाजावर भाळले होते.

पहिली दोन वर्षं मी कपाटात पडून राहिले. मग एका मे महिन्याच्या दुपारी, कूलर घरघरत असताना, मागच्या भिंतीवरून दोन माणसं अंगणात उतरली. गंगाधररावांनी मला उचललं. खट्‌-खट्याक. एक जण आल्या वाटेनं पळाला. दुसरा जवान पोरगा होता. तो पळाला नाही, सब्बल, म्हणजे लोखंडी पहार, उगारून धावून आला. सब्बल गंगाधररावांच्या खांद्यावर बसली, हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला आणि त्याच क्षणी घोडा ओढला गेला.

छर्रे त्या पोराच्या गुडघ्यात गेले. मित्रांनो, गुडघा म्हणजे काय असतं हे मला तेव्हा कळलं. त्याचं काहीच उरलं नाही. पाय भलत्याच दिशेला वळला. हाडाच्या कपच्या तुळशीपर्यंत उडाल्या. पोरगा फरशीवर लोळत ओरडत होता, "दाई वो! मर गेंव दाई!"

गोदावरीबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. त्यांनी अंगावरचा पदर फाडून त्याची मांडी करकचून बांधली आणि त्याचं डोकं मांडीवर घेतलं.

"काहून शिवून राहिली त्याले?" गंगाधरराव खांदा धरून ओरडले. "चोट्टा आहे तो!"

"असन चोट्टा," त्या म्हणाल्या. "पन आईले हाका मारून राहिला न!"

पुढे चौकशी झाली. गंगाधररावांनी जीव वाचवायला गोळी झाडली, असं ठरलं. पोराचं नाव मनहरण. त्याला शिक्षा झाली, पाय कापावा लागला. आणि माझं कौतुक सुरू झालं. गल्लीनं गंगाधररावांना हार घातला, एक मलाही घातला. पानठेल्यावर ते ही हकिकत सांगत, तेव्हा दोन चोरांचे तीन होत आणि दिवाळीपर्यंत पाच झाले. खोटं कशाला सांगू, मलाही ते गोड वाटायचं. गोदावरीबाई मात्र कितीतरी दिवस अंगणाची तीच फरशी घासत होत्या.

त्यांनी नवऱ्याकडून एक शब्द घेतला. बंदूक माडीवरच्या कपाटात राहील, काडतुसं खालच्या देवघरात कुलपात राहतील, आणि भरलेली बंदूक या घरात कधीही नसेल. नवऱ्यानं मान्य केलं. वर्षातून एकदाच, खंडेनवमीच्या पूजेला मी खाली यायची. पाटावर ठेवण्याआधी गंगाधरराव मूठ मागे ओढत, गोदावरीबाई बोट घालून बघत.

"खाली?" ते विचारत.

"खाली," त्या म्हणत. मग हळद, कुंकू, झेंडूची माळ. शेवटी गंगाधरराव मूठ मागेपुढे करून घोडा ओढत. खट्‌-खट्याक-टक्. शिशिर या आवाजाला 'बाबांचा ढोल' म्हणायचा.

आता या 'खाली' शब्दाबद्दल सांगायला हवं. रायपूरच्या मराठी माणसांची मराठी पिढ्यान्‌पिढ्या हिंदीत मुरलेली. त्यांच्या बोलण्यात खाली म्हणजे रिकामं. शिशिरची बायको कौमुदी मात्र सांगलीची. दोघं नवा रायपूरला एकाच कार्यालयात कामाला, तिथंच जुळलं. ती घरात आली त्या आठवड्यात गोदावरीबाई म्हणाल्या, "पोरी, तो डबा खाली कर." कौमुदीनं भरलेला डबा उचलून नीट जमिनीवर ठेवला. घरभर हसू पिकलं. "तुमची सांगली काय, सारं जमिनीवरच ठेवते?" गंगाधररावांनी चिडवलं. कौमुदीही हसली. माडीवरच्या कपाटात मला ते हसू ऐकू आलं होतं. हसून सगळे विसरून गेले, तीच चूक झाली.

दोन हजार एकोणीसची खंडेनवमी. आदल्या दिवशी गल्लीतून एक मोटारसायकल चोरीला गेली होती, आणि गंगाधररावांच्या मोडक्या खांद्यात जुनी भीती जागी झाली. कुणाला न सांगता त्यांनी मला खाली आणलं, नळीत दोन काडतुसं सरकवली आणि बैठकीच्या दारामागे उभं केलं. सकाळी ती काढायची त्यांनी ठरवलं होतं. सकाळी ते झेंडू आणायला गोलबाजारात गेले आणि विसरले.

गोदावरीबाईंनी पूजेची तयारी केली. मी दारामागे दिसले तेव्हा त्यांना वाटलं, यांनी पूजेसाठीच आणून ठेवली. त्यांनी मला पाटावर आडवं केलं. बोट घालणार, तोच दूध उतू गेल्याचा वास आला, म्हणून त्या आत धावल्या.

माडीवरून शिशिरनं हाक दिली, "कौमुदी! बंदूक खाली आहे ना?"

कौमुदी जिन्याच्या पायथ्याशी रांगोळी काढत होती. तिनं मान वळवून पाटाकडे पाहिलं. मी होते तिथं, समोर, खालीच.

"हो, खाली आहे!" ती म्हणाली.

मित्रांनो, मला जीभ असती तर मी त्या क्षणी किंचाळले असते. त्याला उत्तर मिळालं होतं आणि तीही खरंच बोलली होती.

शिशिर उतरला. गोदावरीबाई दूध उतरवून आल्या, हातात हळद. "पाहिलं का रे आत?"

"हव आई, कौमुदीनं सांगितलं न, खाली आहे."

त्यांनी मला हळद लावली, कुंकू लावलं, आणि घरातल्या झेंडूचा एक छोटा हार माझ्या नळीच्या टोकाला बांधू लागल्या. कौमुदीची ही घरातली पहिलीच नवमी. शिशिरनं मला उचललं. "ऐक आता, बाबांचा ढोल," तो तिला म्हणाला. हार घसरला. तो धरायला गोदावरीबाईंनी उजवा हात पुढं केला.

खट्‌-खट्याक. टक् वाजलं नाही.

धूर सरला तेव्हा झेंडूच्या पाकळ्या छताला चिकटल्या होत्या. त्यांच्यासोबत दुसरंही काही चिकटलं होतं. गोदावरीबाई पाटावर बसून आपल्या हाताकडे बघत होत्या. मनगटापुढं हात नव्हता. दोन हाडांची टोकं पांढरी दिसत होती आणि रक्त रांगोळीवर उसळत होतं. शिशिरनं मला फेकून दिलं. कौमुदी छातीवर मारून घेत ओरडत होती, "मी खाली म्हणाले! खाली! जमिनीवर, आई, जमिनीवर!"

तेवढ्यात गंगाधरराव दारात आले, दोन्ही हातांत झेंडूच्या माळा घेऊन. त्यांनी बायकोचा हात पाहिला. माळांनीच त्यांनी तो हात बांधायला सुरुवात केली. कौमुदीनं त्यांना बाजूला ढकललं, स्वतःची ओढणी फाडली आणि दंडाला आवळून गाठ मारली. त्या गाठीमुळे गोदावरीबाई जगल्या.

मला इथं आणलं गेलं. नंतर बरीच वर्षं माझ्याकडे कुणी आलं नाही. मला गंज चढला, दस्त्याला वाळवी लागली. यंदा एक दिवस दार उघडलं आणि गोदावरीबाई आत आल्या, सोबत कौमुदी. खटला मिटला होता. मला परत न्यायचं की सरकारजमा करायचं, ते ठरवणं गंगाधररावांनी त्यांच्यावर सोडलं होतं.

मुन्शीनं, म्हणजे ठाण्याच्या कारकुनानं, शाईचा डबा पुढं केला. "औरत का दायाँ अंगूठा लगता है, माताजी."

गोदावरीबाईंनी पदराखालचं रिकामं मनगट वर केलं. "दायाँ तो ये खा गई," माझ्याकडे हनुवटी करून त्या म्हणाल्या. मुन्शीनं खाली मान घालून डाव्याचा ठसा घेतला.

कागद होईपर्यंत त्याच्याशी त्या बोलत बसल्या, त्यातून मला सगळ्यांचं कळलं. रत्नाकर मास्तर त्या नवमीच्याच वर्षी वारले. चिरागभाईंनी शस्त्रांचं दुकान मोडून इन्व्हर्टर विकायला घेतले. मनहरण पंडरी भागात कापडबाजाराच्या तोंडाशी रिळं आणि बटणं विकतो. गोदावरीबाईंचं समजल्यावर तो कुबडीवर दवाखान्यात आला होता, दारातूनच "दाई" म्हणाला आणि शहाळं ठेवून गेला. शिशिरला दंड झाला. आता तो काही विचारत नाही. गॅस असो की दाराची कडी, स्वतः जाऊन हात लावून बघतो. गंगाधरराव पानठेल्यावर जात नाहीत. रोज सकाळी बायकोची वेणी तेच घालतात, अजूनही वाकडीच. आणि कौमुदीनं त्या दिवसापासून घरात मराठी बोलणं सोडलं होतं. साध्या मिठालासुद्धा ती हिंदीत नमक म्हणायची. "तू खरंच बोलली होतीस पोरी," असं सासूनं किती वेळा सांगितलं, तरी नाही.

"वितळवा हिले," गोदावरीबाई शेवटी म्हणाल्या.

मला त्याचं वाईट वाटलं नाही, मित्रांनो. आगीतून आले, आगीत जाईन. माझं एवढंच मागणं आहे. माझ्यासारखी कुणाच्या घरात दिसली तर तिला हात लावू नका, आणि रिकामी आहे असं कुणी सांगितलं म्हणून विश्वास ठेवू नका. सांगणारा खोटं बोलत असेल असं नाही. मोठ्यांना म्हणा, बोट घालून दाखवा. त्याहून बरं म्हणजे, आम्हाला घरातच आणू नका म्हणा.

मुन्शी मला उचलायला वाकला. "खाली है माताजी, डरो मत."

गोदावरीबाईंनी डावा हात आडवा घातला. त्या म्हणाल्या, "थांबा. कौमुदी, बोट घाल."

कौमुदी पुढं आली. गंजलेली मूठ मुन्शीनं जोर लावून मागे ओढली. कौमुदीनं बोट माझ्या थंड पोटात घातलं आणि चिरागभाईंच्या दुकानात तिच्या सासूनं फिरवलं होतं तसंच आत फिरवलं. बोट बाहेर काढून त्यावरचा गंज तिनं ओढणीला पुसला.

मग म्हणाली, "रिकामी आहे, आई. रिकामी."