दोन कठड्यांचा सांधा

मित्रांनो, मी एक जुना कठडा आहे. गच्चीचा नव्हे की जिन्याचा नव्हे. अमेरिकेत, जॉर्जियातल्या मेथडिस्ट पंथाच्या काळ्या लोकांच्या चर्चमधला. लोक माझ्यापुढे गुडघे टेकायचे, मग पाळक प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षरस देत. मला लेम्युएल सुताराने घडवले. गुडघ्यांखालची गादी सिस्टर लविनियांनी शिवली.

आमच्या पंथात देव एक, पुस्तक एक, पण चर्चचा कारभार पाहणाऱ्या परिषदा दोन होत्या. गोऱ्यांची निराळी, काळ्यांची निराळी. एकोणीसशे बहात्तर साली त्या एक करायचे ठरले. आमच्या लोकांच्या मनात पाल चुकचुकली. आपली पदे जातील, चर्चना टाळे लागेल, असे ते म्हणत. पण आमचे वृद्ध पाळक होझिया पेटिग्रू यांनी सर्वांना राजी केले. त्यांची अट एकच होती. पहिल्या सभेत सगळ्यांनी शेजारी शेजारी गुडघे टेकून प्रभुभोजन घ्यायचे. गोऱ्यांचे पुढारी डॉक्टर सेअर यांनी त्यांचा हात हातात घेऊन वचन दिले.

सभा गोऱ्यांच्या चर्चमध्ये होती; लेम्युएलने मला तिथे नेऊन त्यांच्या कठड्याला जोडले. सांध्यात नखही शिरत नव्हते. जन्माचे सार्थक झाले असे मला वाटले.

सभा भरली. मते पडली. आमची परिषद विसर्जित झाली. मग डॉक्टर सेअर गोड आवाजात म्हणाले, "पुष्कळांचे गुडघे दुखतात. आज भाकरीची तबकं जागेवरच फिरवू या."

"आपण हो म्हणेपर्यंत गुडघे ठणठणीत होते, रेव्हरंड," सिस्टर लविनिया पेटिग्रूंच्या कानाशी पुटपुटल्या. "पंगत बसायची वेळ आली आणि दुखायला लागले."

पेटिग्रू उठले. काठी टेकत आले आणि नेमके सांध्यावर गुडघे टेकून बसले. डॉक्टर सेअर खाली वाकून म्हणाले, "जागेवर बसा, रेव्हरंड. तिथंच मिळेल."

"माझी जागा हीच ठरली होती."

तबके रांगांतून फिरली आणि रिकामी झाली. म्हाताऱ्याच्या हाताला काही आले नाही. शेवटी सिस्टर लविनिया शेजारी येऊन टेकल्या आणि आपल्या भाकरीतला अर्धा तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांच्यामागून कोणी गोरा उठेल म्हणून मी वाट पाहिली. कोणी उठले नाही. मला फार वाईट वाटले, आणि रागही आला.

पुढच्याच आठवड्यात मला सांध्यातून कापून तळघरात टाकले. आता माझ्यावर लोक ओले कोट वाळत घालतात.

मित्रांनो, मला पुसू नका, रंगवू नका. फक्त एवढे ऐका. कुणाला शेजारी जागा देईन म्हणालात, तर आधी स्वतः गुडघे टेका. त्याचे मत मग मागा.